आईचं वजन

१२ फेब्रुवारी
खाल्लं: अर्धा पाव, दोन चहा, भाताचे चार घास.

डॉक्टरांनी ही वही ठेवायला लावली. रोज काय खाल्लं ते लिहायचं आणि महिन्याने त्यांना दाखवायचं. पण रविवारचं इंजेक्शन सुरू झाल्यापासून भूक माझ्याकडे फिरकत नाही, त्यामुळे एका ओळीत जेवण संपतं आणि पान कोरं राहतं. कोरं पान मला बघवत नाही. उरलेल्या जागेत बाकीचं लिहीन. डॉक्टरांना दाखवताना वरच्या ओळीवर बोट ठेवलं की झालं.

साखर आणि वजन दोन्ही हाताबाहेर गेलं होतं म्हणून हे औषध. गुण चांगलाच आला. मी ज्या चष्म्याच्या दुकानात काम करते तिथले मालक आज म्हणाले, "बाई, तुमचा चेहरा निघाला." सत्तावन्न वर्षं तो कुठे होता कोण जाणे. मीही आरशात बघून घेतलं. फ्रेमा विकून विकून मला नाकाडोळ्यांची पारख आहे, माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

आईला दाखवलं तर म्हणाली, "गळ्याची कातडी लोंबतेय."

आईचं खुब्याचं हाड गेल्या वर्षी मोडलं. ते जुळलं, पण मोडलेला धीर जुळेना. पहिल्यांदा उभी राहताना कोलमडली, तेव्हापासून पाय टेकायला तयार नाही. फिजिओवालीला तिने तिसऱ्या दिवशी "तुझी आजी असती तर असं ओढलं असतंस का?" असं विचारून पळवून लावलं. वॉकर आणला, त्यावर मी टॉवेल वाळत घालते. तेव्हा सकाळी पलंगावरून चाकाच्या खुर्चीत, दुपारी दुकानातून येऊन पुन्हा पलंगावर, संध्याकाळी पुन्हा खुर्चीत, सगळं मीच. तिच्या काखेत हात घालायचे, मिठी मारल्यासारखं धरायचं, उठवायचं, वळायचं, बसवायचं. लग्नाच्या वयात मला कुणी उचलून न्यायला आलं नाही. आता मी आईला उचलते.

२ मार्च
खाल्लं: काही नाही. घशाखाली उतरलं नाही.

सकाळी आईला उठवलं आणि वळताना माझ्या गुडघ्यांनी दगा दिला. धाडकन पडलो नाही. लोणी वितळावं तशा हळूहळू खाली बसलो. मी खाली, आई वर.

"ऊठ," आई म्हणाली.

"तू ऊठ आधी."

"मला उठता येत असतं तर तुझी काय गरज होती?"

मग आईने माझ्याच पायातली चप्पल काढून जमिनीवर आपटली. खालच्या मजल्यावरचे ड्रायव्हरकाका धावत आले. ते आता निवृत्त आहेत आणि त्यांच्याकडे आमची किल्ली असते, मी दुकानात असले की ते अधूनमधून डोकावतात. त्यांनी आधी आईला उचललं, मग मला. मला उचलताना त्यांना काहीच कष्ट पडले नाहीत, आणि त्याचा मला त्या अवस्थेतही थोडा आनंद झाला. खोटं कशाला लिहू.

नंतर न्हाणीघरात नळ सोडून रडले. नळ असल्यावर बाहेर ऐकू जात नाही.

 

५ मार्च
खाल्लं: टोस्ट, सूप.

दादाचा फोन आला. स्पीकरवर होता, कारण मी भांडी घासत होते. काकूंनी, म्हणजे ड्रायव्हरकाकांच्या बायकोने, त्याला सगळं कळवलं होतं. त्याच्या गावाजवळ म्हाताऱ्या माणसांची एक संस्था आहे. स्वतंत्र खोली, बाग, नर्स. मेअखेर जागा रिकामी होतेय. त्याने नाव घालून ठेवलंय.

"मी आईला टाकत नाहीये," दादा म्हणाला. "तुम्ही दोघी एकमेकींच्या अंगावर पडून मेलात तर मी काय करू? माझी कंबर धड असती तर मीच आणली असती तिला. तुला झेपत असेल तर मी एक शब्द बोलणार नाही. पण झेपतंय हे मला दिसायला हवं."

"झेपतंय."

"चप्पल आपटून?"

दादा लहानपणापासून उंटावरचा शहाणा. पण आवाज कापरा होता, हे मान्य करायला हवं.

फोन ठेवल्यावर मी आईकडे बघितलं. ती भिंतीकडे तोंड करून होती. "चादर ओढ," एवढंच म्हणाली. तिच्याशिवाय हे घर कसं असेल याचा विचारच करवला नाही. मी तिला जाऊ देणार नाही.

९ मार्च
खाल्लं: अंडं, अर्धं. दूध.

डॉक्टरांनी वही न बघताच म्हटलं, "हात न टेकता खुर्चीवरून उठा." मी उठले नाही. म्हणजे उठायचं ठरवलं, पण खुर्चीने सोडलं नाही.

"चरबी गेली ते चांगलं झालं," डॉक्टर म्हणाले, "पण तुम्ही उपाशी राहून नुसतं औषध घेतलंत. बरोबर स्नायूही गेले. आता अंडी, मासे, डाळी, दूध, काहीतरी ताकदीचं रोज पोटात जायला हवं. आणि वजनं उचला."

"वजन उतरवायला तुमच्याकडे आले, आता उचलायला सांगता?"

"दुसऱ्या प्रकारचं," डॉक्टर म्हणाले. त्यांना विनोद कळत नाही.

१२ मार्च
खाल्लं: दीड अंडं.

जिम लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली कपडे पिळायचं मशीन सुरू झालं की वर जमीन थरथरते, त्यामुळे नवशिक्यालाही आपण काहीतरी जबरदस्त करतोय असं वाटतं. शिकवणाऱ्या बाई पूर्वी शाळेत कवायत घ्यायच्या, शिट्टी अजून गळ्यात आहे. मी त्यांना मनात शिट्टीबाई म्हणते.

मी माझा मुद्दा मांडला: मेअखेरपर्यंत आई उचलता आली पाहिजे.

"आई किती वजनाची?"

"भरपूर."

त्यांनी मला स्टुलावर बसायला आणि उठायला लावलं. एवढंच. पुन्हा बसा, पुन्हा उठा. मी म्हटलं, आमच्या घराण्याचा बाणा मोडेन पण वाकणार नाही असा आहे. शिट्टीबाई म्हणाल्या, "इथे उलटं. वाका, पण मोडू नका."

जिना उतरताना कठडा धरून आडवी आडवी उतरले. लाँड्रीवाला म्हणाला, "नवीन का?"

२२ मार्च
खाल्लं: एक अंडं, मासा (तुकडा), पावडरीचं दूध (तीन घोट). उरलेलं आईने.

हे खाणं म्हणजे नोकरी आहे. ताटलीत दोन अंडी असतात आणि एकानंतर पोट दार लावून घेतं. आई म्हणते, "अन्न टाकायचं नाही," आणि ताटली ओढते. माशाचंही तेच, दुधाचंही तेच. तिच्या गालांवर तेज आलंय. माझ्या गालांवर अजून काही नाही.

शिट्टीबाईंनी घरी ओढायला एक हिरवा रबरी पट्टा दिला होता. दोन दिवसांत हरवला. सगळं घर उलथंपालथं केलं. आई पलंगावरून बघत होती. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," म्हणाली. मी काखेतही बघून घेतलं.

३ एप्रिल
खाल्लं: दोन अंडी (दुसऱ्याचा बलक आईला), डाळ.

आई हलकी लागतेय!

आज सकाळी उचललं तर अशी वर आली की मीच चकित झाले. गेल्या आठवड्यापासून शंका होती, आज खात्री पटली. आईला विचारलं, "जाणवतोय का फरक?"

"तुझ्या हाताला बळ आलंय," ती म्हणाली.

आईने माझं कौतुक केल्याची ही बहुधा पहिलीच वेळ. मी दंड वाकवून बघितला. काहीतरी फुगल्यासारखं वाटतं, बाहीची घडीही असू शकेल.

१७ एप्रिल
खाल्लं: चिकन (वाटीभर), दूध. वाटीतलं अर्धं आईने.

काकूंची तक्रार. "हे दुपारी पाय मोकळे करायला जातात, मी जरा लवंडते, आणि तेव्हाच तुमच्याकडून ठकठक ठकठक. काय कुटता?"

दुपारी मी दुकानात, आई पलंगावर. म्हणजे पाइपच. प्लंबरला बोलावलं. त्याने भिंतीला कान लावला, दोन नळ सोडले, बंद केले आणि म्हणाला, "पाइपांत काही नाही." आई म्हणाली, "जुनं घर आहे, बोलायचंच." प्लंबरने पैसे मात्र घेतले. मी काकूंना हवा अडकते असं सांगितलं. शास्त्रीय कारण दिलं की माणसं गप्प बसतात.

वॉकरवरचे टॉवेल खुर्चीवर ठेवायची सवय मला कधी लागली कळत नाही. आज पुन्हा तिथेच सापडले, ओलेच.

२८ एप्रिल
खाल्लं: दोन अंडी. पावडरीचं दूध अर्धा पेला.

शिट्टीबाईंशी वाजलं. त्यांच्या मते माझी प्रगती "बरी, पण बेताची". उचलायच्या लोखंडी बारला गेल्या आठवड्यात जी चकती लावली होती तीच आजही. जड चकती लावली की बार जमिनीला चिकटतो.

मी म्हटलं, "इथे अडतं, पण घरी आई पिसासारखी वर येते."

"हे कसं शक्य आहे?"

"मायेने माणूस काय वाट्टेल ते उचलतं."

"मायेचं मला माहीत नाही. चकतीवर लिहिलेलं असतं तेवढंच मी धरते," शिट्टीबाई म्हणाल्या. मग त्यांनी मला पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. "तुम्ही वजनाला घाबरून लांब उभ्या राहता. लांब धरलेलं दुप्पट जड लागतं. अगदी जवळ जा, अंगाशी घ्या, श्वास भरा आणि मांड्यांनी उठा. कंबरेने नाही."

मी तसं केलं. बार हलला. गुडघ्यांपर्यंतच आला, पण आला. खाली पिळण्याचं मशीन सुरू होतं, तेव्हा टाळ्या पडल्यासारखं वाटलं.

८ मे
खाल्लं: मासा, डाळ, दोन अंडी. सगळं जवळजवळ माझं मी.

केर काढताना हिरवा पट्टा सापडला. आईच्या पलंगाच्या पायाला गाठ मारून बांधलेला.

"पलंग कुरकुरत होता," आई म्हणाली. "काकांकडून बांधून घेतला."

आईचं डोकं या वयात असं चालतं याचं कौतुक वाटलं. पट्टा तिलाच राहू दिला, कुरकुर खरंच थांबलीय.

१९ मे
खाल्लं: व्यवस्थित.

दादाचा फोन. तो ३० तारखेला संस्थेच्या व्यवस्थापक बाईंना घेऊन येतोय. मी छातीठोकपणे सांगितलं, "हातच्या कांकणाला आरसा कशाला? ये आणि डोळ्यांनी बघ. मी आईला एका दमात उचलते."

"खरं?"

"आईला विचार."

आईने फोन घेतला. "हो रे, उचलते." मग विचारलं, "त्या संस्थेत कसली माणसं घेतात म्हणालास?" दादा म्हणाला, आधाराने उभी राहणारी, जेवणघरापर्यंत चालत जाऊ शकणारी. बाकीच्यांचा विचार बाई प्रत्यक्ष बघून करतात.

"असं होय," आई म्हणाली आणि फोन मला दिला. मग बराच वेळ स्वतःच्या पावलांकडे बघत होती. बिचारीला वाईट वाटलं असेल.

३० मे
खाल्लं: सकाळी काही नाही. नंतर लिहिते.

दंड भरून आलेत, अक्षर वेडंवाकडं येईल.

दादा आला, वहिनी आली, व्यवस्थापक बाई आल्या. चांगल्या होत्या, बोलायला गोड, हातात फाइल. आईच्या पलंगाशी बसून त्या म्हणाल्या, "आजी, जरा उभं राहून बघायचं का? मी धरते."

"पायात जीवच नाही हो," आई म्हणाली. असा मेलेला आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. बाईंनी तिचे पाय खाली सोडले तर ते टांगलेल्या मोज्यांसारखे लोंबत राहिले.

दादाने माझ्याकडे बघितलं. मी पुढे झाले. काखेत हात घातले, रोजच्यासारखी उचलायला गेले.

आई हललीच नाही.

पोत्यासारखी जड होती. पोत्यालाही कोपरे असतात, हिला तेही नव्हते. पुन्हा प्रयत्न केला. पलंगापासून वीतभर वर आली आणि पुन्हा बसली. वहिनीने तोंडावर हात ठेवला. दादा मदतीला आला तर आई त्याला म्हणाली, "तू तिथेच थांब. तुझी कंबर." मग माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "घाई कशाला करतेस? नीट उचल."

आता संपलं असं मला वाटलं. दुसऱ्या मिनिटाला फाइल उघडेल, आणि महिन्याभरात हा पलंग रिकामा असेल. भयंकर भीती वाटली. आणि भीतीने मी लांब उभी होते हे लक्षात आलं.

जवळ गेले. गुडघे तिच्या गुडघ्यांना टेकवले. तिला अंगाशी घेतलं, इतकं की तिचा गाल माझ्या मानेवर आला. श्वास भरला. मांड्यांनी उठले. मांड्या म्हणाल्या, नाही जमत. मी म्हटलं, जमतं. आणि आई वर आली, अख्खी. एक क्षण तिचं सगळं वजन माझ्यावर होतं आणि मी उभी होते. वळले. खुर्चीत ठेवली, आपटली नाही.

 दादा चष्मा काढून पुसत बसला. काचा स्वच्छच होत्या, मी परवा त्याच्यासाठी बनवून पाठवला होता.

व्यवस्थापक बाईंनी फाइल पिशवीत घातली. "आजींना आमच्याकडे घेता येणार नाही," त्या म्हणाल्या, "आणि मला वाटतं गरजही नाही."

आई म्हणाली, "चहा ठेव सगळ्यांना."

नंतर खाल्लं: समोर आलं ते सगळं.

३१ मे
खाल्लं: तीन अंडी!

अंगातला एकेक स्नायू हजेरी देतोय. शिट्टीबाईंना सांगितलं तर त्यांनी चक्क शिट्टी वाजवली.

पण एक कोडं सुटत नाही. आई कालच इतकी जड का झाली? आज सकाळी पुन्हा पिसासारखी. तिला विचारलं, "परवा जास्त जेवलीस का?" म्हणाली, "पाहुणे आले की मला जड वाटतं." दुकानात यावर बराच विचार केला. काल हवा दमट होती, त्याचा परिणाम असावा.

४ जून
खाल्लं: आम्लेट. कुणी केलं ते खाली लिहिलंय.

दुकानातली वीज गेली, मालकांनी दुपारीच घरी पाठवलं. दार उघडलं तर घरात ठकठक.

आई ओट्याशी उभी होती. एक हात वॉकरवर, दुसऱ्या हाताने अंडी फेटत होती. शेजारी स्टुलावर ड्रायव्हरकाका, दोन्ही हात पुढे करून, झेल घ्यायला बसल्यासारखे. मला बघून ते उठले आणि म्हणाले, "मी पाय मोकळे करायला आलो होतो." आणि गेले.

माझ्या हातातली पिशवी पडली.

"दार लाव," आई म्हणाली. "आणि बघू नकोस अशी. तू बघायला लागलीस की मला पडायला होतं."

"कधीपासून?"

"तुझ्या अंगावर पडले त्यानंतर. नळ सोडून रडत होतीस ना? नळाच्या आवाजात रडणं जास्त ऐकू येतं. म्हटलं, निदान उठताना तरी पायांनी थोडा जोर लावायला हवा. पोरीच्या जिवावर किती बसायचं?"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या पोटात अंडं राहत नाही, गोष्ट काय राहणार? दादाला बोलली असतीस. मी उभी राहिले असते तर त्याने तिथल्या तिथे गाडीत बसवलं असतं. 'आता काय, चालतेय, खोलीही मिळतेय.' चांगल्या मनानेच बसवलं असतं. मला माझं घर सोडायचं नव्हतं." अंडी फेटणं थांबलं. "तुलाही."

मी खुर्चीत बसले. टॉवेल, पाइप, पट्टा, सगळं एकापाठोपाठ एक समोरून गेलं. प्लंबरसुद्धा. दिवसभर लोकांना नंबरचे चष्मे लावणारी बाई मी. म्हणजे मार्चपासून मी अर्धीच आई उचलत होते, उरलेली अर्धी स्वतःच उठत होती. आणि मी जिममध्ये मायेवर भाषणं दिली. लाज वाटली, हसूही आलं, आणि मग रडले. या वेळी नळ सोडला नाही.

"आणि त्या दिवशी?" मी विचारलं. "व्यवस्थापक बाईंसमोर?"

"त्या दिवशी पाय सोडून दिले पार. बोटसुद्धा टेकलं नाही."

"आणि मला उचलता आलं नसतं तर?"

आईने वॉकर पुढे टाकला, एक पाऊल घेतलं, मग दुसरं, आणि माझ्यासमोर येऊन थांबली. दमली होती, कपाळावर घाम होता.

"तेवढी एकच भीती होती मला," ती म्हणाली.

५ जून
सकाळी पलंगाशी वाकले तर आई म्हणाली, "सोड, माझी मी उठते. तू नुसती उभी राहा."

"आज एकदा उचलू दे," मी म्हटलं.

तिने थोडा विचार केला. "बरं. पण मी मदत करणार नाही."

केली नाही. चांगलीच जड आहे आमची आई.

खाल्लं: दोन अंडी, दोन्ही मी. आईची वेगळी केली.